भागूच्या घरची माणसं

आमच्या फादरांना जगाची भूक मिटवायची होती आणि मला संध्याकाळच्या डब्यांची घाई होती. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, आमच्या कपाळांवर राख लावून झाल्यावर फादर रविंद्र प्रवचनाला उभे राहिले, ते संपवायचं नाव घेईनात. जगात कोट्यवधी माणसं उपाशी झोपतात, गरिबाला देणं ही दया नव्हे, ते त्याचंच असतं आणि आपण नुसतं परत करतो, ही आपल्या चर्चची शिकवण आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. सगळं खरं होतं. पण मी मार्था साळवे, नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत खानावळ चालवते. टोमॅटोच्या गाड्यांचे ड्रायव्हर आणि मार्केटातले हमाल माझ्याकडे जेवतात. भूक मला कोणी आकड्यांत सांगितलेली चालत नाही, ती रोज माझ्या दारात चपला काढून आत येते.

तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर मी तोंड उघडलंच. "फादर, जग राहू द्या. त्यातला एक माणूस सांगा, त्याचं काय करायचं ते बघू."

"तुम्हीच सांगा, मार्थाबाई," फादर म्हणाले. "तुम्हाला जास्त माहिती."

झालं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमची कॅथलिक घरं या भागात मोजकीच, बहुतेक नगरकडून पोटापाण्यासाठी इकडे आलेली. कोणी बँकेत, कोणी शाळेत, अगस्टीनकाका एसटीतून निवृत्त झालेले. त्या सगळ्यांसमोर माझ्या तोंडून नाव निघालं ते भागूचं.

भागू आंबेगावच्या पश्चिमेची, डिंभ्याच्या धरणाच्याही वर डोंगरात असलेल्या उंबरवाडीची. महादेव कोळ्यांची वाडी ती. दिवाळी झाली की ती नारायणगावला उतरायची. सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर उभी राहायची, ज्याला हवी तो मुकादम बोट दाखवून पिकअपमध्ये चढवायचा. संध्याकाळी माझ्याकडे भांडी घासायची. नवरा वारलेला, घरी एकच मुलगी, समृद्धी. ती यंदा दहावीला होती.

त्याच संध्याकाळी मी भागूला म्हटलं, "आमच्या चर्चकडून तुला किट देतो. तांदूळ, डाळ, तेल, सगळं."

ती राखेने पातेलं घासत होती. वर न बघताच म्हणाली, "किट किती दिस पुरंल, ताई?"

"महिनाभर."

"आन् मंग?"

मला राग आला. देणाऱ्याला असं उलट विचारतात का? पण तिने पातेलं खाली ठेवलं आणि सरळच सांगितलं. "माझ्याकडं उताराचं रान हाय. पाऊस आला की माती खाली जाती, मूठभर नाचणी व्हती. त्याचं खाचर झालं ना, म्हंजी दगडाचा बांध घालून रान सपाट केलं, पानी थांबलं, की भात येतो. दोघींचं वरीस निघतं. खाचर झालं तर समृद्धी घोडेगावला कॉलेजात जाईल. न्हाई झालं तर यंदापास्नं ती बी माझ्यासंगं अड्ड्यावर. येकीच्या मजुरीत आता भागत न्हाई."

"मग बांध ना खाचर!"

"कुनाच्या हातांनी?"

मग तिने मला पडकई समजावून सांगितली. उंबरवाडीत खाचर कोणी एकटा बांधत नाही. आज सगळी वाडी याच्या रानात, उद्या त्याच्या. तुम्ही माझ्याकडे जितकी माणसं लावली तितकी मी तुमच्याकडे लावायची. भागूच्या घरात लावायला माणूसच नव्हतं. ती मजुरीला खाली आणि पोरगी शाळेत. तिने कोणाकडे माणूस लावला नाही, म्हणून तिच्याकडे कोणी येत नव्हतं.

"वाडी वाईट न्हाई," ती म्हणाली. "पर नेम त्यो नेम."

"आम्ही बारा जण येतो की तुझ्या रानात."

"नगं." ती असं म्हणाली की माझ्या हातातला झारा थांबला. "फुकटचं काम घेतलं तर वाडीत त्वांड कुठं दाखवू? यायचं तर दुसऱ्यांच्या पडकईला माझी मानसं म्हनून या. मंग वाडीला माझ्याकडं यावंच लागंल."

हे मी फादरांना सांगितलं तेव्हा ते आनंदाने खुर्चीतून उठून उभेच राहिले.

पुढच्या रविवारी पहाटेची मिस्सा आटोपून आम्ही दोन गाड्या करून निघालो. मंचर, घोडेगाव, डिंभे, आणि पुढे नुसती वळणं. निघण्याआधी आमची बैठक झाली होती आणि एक गोष्ट सर्वांनी एकमताने ठरवली होती: आपला भार तिकडे कोणावर पडू द्यायचा नाही. गरिबाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्याप्रमाणे मी चपात्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याचे जार गाडीत भरले होते. उपासाचे दिवस म्हणून भाजीही अगदी साधी केली होती. आपण किती समजूतदार आहोत याचं मला रस्ताभर कौतुक वाटत होतं.

वाडीच्या तोंडाशी चिमाजी उभे होते. पडकईची पाळी तेच लावायचे. पांढऱ्या मिशा, डोक्याला पंचा. त्यांनी फादरांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघितलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "पावणं, धरम बदलायला आलाय का?"

"नाही," फादर म्हणाले. "दगड उचलायला आलोय."

"उचला मंग," चिमाजी म्हणाले आणि पहार हातात दिली.

त्या दिवशी कोंडाबाईची पडकई होती. उताराचा वरचा भाग खणायचा, माती घमेल्यांनी खाली ओढायची, खालच्या कडेला दगडावर दगड बसवून ताल घालायची. ताल म्हणजे तिकडचा दगडी बांध. ऐकायला दोन वाक्यांचं काम आहे. बँकेतल्या वृषालीच्या तळहातांना पहिल्या तासातच फोड आले, अगस्टीनकाका दोनदा बसले, फादरांची पॅन्ट गुडघ्यावर फाटली. मी पोत्यांनी पीठ मळणारी बाई, पण त्या मातीने माझीही जिरवली. वाडीच्या बाया मात्र गप्पा मारत, हसत, डोक्यावर घमेली घेऊन वर-खाली करत होत्या.

दुपारी कामावरची माणसं आपापल्या घरच्या टोपल्याभोवती बसली. भागू डोक्यावर टोपलं घेऊन आमच्याकडे आली. आम्ही आंब्याखाली डबे उघडले होते. तिने टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं, आत नाचणीच्या भाकऱ्या होत्या.

"नको, नको, भागू," मी हात जोडले. "तुम्हा दोघींना ठेव. आमचं आम्ही आणलंय."

"घ्या की वाईच."

"अगं, नको म्हटलं ना!"

ती उभी राहिली, मग टोपलं उचलून परत गेली. आम्हाला वाटलं, आपण किती चांगलं वागलो.

संध्याकाळी काम थांबलं. चिमाजी बांधावर उभे राहून घरं पुकारायला लागले. कोणी किती माणसं लावली, ते सगळ्यांच्या कानावर जाऊन पक्कं व्हायचं. सावळारामच्या घरची तीन. साळुबाईची दोन. कुशाबाची दोन. शेवटी ते म्हणाले, "भागूच्या घरचं कुनी न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "कोणी नाही? मग आम्ही दिवसभर काय भुतं नाचत होतो का इथे?"

"तुमी पावणं," चिमाजी शांतपणे म्हणाले. "काम चांगलं केलंत. पर आमचा नेम असा हाय, बाई, की ज्याच्या चुलीचं खाल्लं त्या घरचं मानूस. तुमी तुमच्या डब्यातलं खाल्लं. भागूच्या घरची तुमी कशी?"

"आम्ही तिच्यावर भार नको म्हणून..."

"मला इचारलं व्हतं का?" भागू मध्येच बोलली. "समद्या वाडीम्होरं माझं टोपलं माघारी धाडलं. माझ्या भाकरीचा इटाळ व्हतो का तुमास्नी?"

मी जिथे होते तिथेच खाली बसले. माझ्या आजीला गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांडं हाताला लागू द्यायचे नाहीत. तिच्या हातची भाकरी गावात कोणी खाल्ली नाही. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की मला वाटायचं, हा अपमान काय असतो ते माझ्याइतकं कोणाला कळणार नाही. आणि मी भागूला तेच केलं होतं, वर हात जोडून. मला माझी लाज वाटली.

फादर पुढे झाले. "भागूताई, आमचं चुकलं. आम्ही परत येतो. तुमच्या घरी जेवायला."

"या," ती म्हणाली. "शुक्रवारी धुळवड हाय. सुट्टी बी असंल तुमास्नी."

फादरांनी लगेच मान हलवली. गाडी डिंभ्याच्या खाली आली. तेव्हा मीच म्हटलं, "फादर, शुक्रवार. आणि उपासकाळातला शुक्रवार. धुळवडीला वाडीत कोंबडं कापतात."

"माझ्या लक्षात आहे, मार्थाबाई."

"आता आहे. मान हलवताना नव्हतं."

आमच्यात उपासकाळातल्या शुक्रवारी मांस खात नाहीत. मी तर लहानपणी आईच्या धाकाने पाळायला लागले ते खानावळीत दिवसभर मटण शिजवूनही पाळत आले. शुक्रवारी मी रश्श्याची चवही घेत नाही, मीठ अंदाजाने घालते. एक वेळ भागूसाठी मी माझं मन मोडेन, पण माझा शुक्रवार मोडायचा म्हणजे मला काहीतरी मोठंच मोडल्यासारखं वाटत होतं.

शुक्रवारी भागूच्या अंगणात पाय ठेवला आणि वासानेच कळलं. सारवलेल्या अंगणात बारा पानं मांडलेली होती. पळसाच्या पत्रावळी होत्या, समृद्धीने रात्री लावलेल्या. रंग खेळून आलेली पोरं कुडापाशी उभी होती, बाया ओट्यावर बसल्या होत्या आणि चिमाजी मधोमध. अख्खी वाडी आमचं जेवण बघायला जमली होती. भागूने एकेकाला वाढलं. नाचणीची भाकरी आणि कोंबड्याचा लालभडक रस्सा. आमच्यातल्या एकाचाही हात पुढे होईना. भागूच्या हातातला पळा हवेतच राहिला होता.

फादरांनी क्रुसाची खूण केली आणि मोठ्याने, वाडीलाही ऐकू जाईल असं बोलले. "मी ह्या माणसांचा फादर आहे. आजच्या दिवसापुरती सूट द्यायचा अधिकार मला आहे आणि मी ती देतो. आपण उपास करतो तो भुकेल्याच्या शेजारी बसता यावं म्हणून. इथे बसून उपास धरला तर शेजारच तुटेल." त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि तोंडात घातली.

मग सगळ्यांनी खाल्लं. वृषालीने खाल्लं, अगस्टीनकाका तर हाडं चोखायला लागले. राहिले मी. भागू फादरांकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. माझी आई आठवली, तिचा धाक आठवला. आणि मग आजी आठवली. मी घास घेतला.

घास गिळला आणि माझ्यातली खानावळवाली गप्प बसेना. "मीठ कमी आहे गं," मी म्हणाले.

अगस्टीनकाकांनी मला कोपर मारलं. पण ओट्यावरच्या बाया खो खो हसायला लागल्या आणि भागू, जी मला भेटल्यापासून कधी मोकळी हसली नव्हती, ती तोंडाला पदर लावून हसली. "पावणं असं बोलत न्हाईत," ती म्हणाली आणि चिमटीने माझ्या पानात मीठ वाढलं.

"न्हाईच बोलत," चिमाजी म्हणाले. "ही घरचीच निघाली."

त्यानंतर पडकई म्हणजे काय ते आम्हाला कळलं. साळुबाईच्या मोठ्या दिराचं खाचर केलं, कुशाबाचं केलं, सावळारामच्या रानात तर एवढा खडक निघाला की दोन रविवार गेले. पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण आला, झाला, आमचे उपास सुटले, तरी गाड्या डोंगर चढतच होत्या. फादर आता पहार कशी मारायची ते नवीन येणाऱ्याला शिकवायचे. दर वेळी दुपारी आम्ही भागूच्या टोपल्याभोवती बसायचो. आणि आता मी जाताना पीठ, डाळ, तेल सरळ तिच्या चुलीपाशी नेऊन ठेवायचे. घरच्या माणसाने घरात किराणा आणला तर त्याला कोणी दान म्हणत नाही. तिनेही कधी 'कशाला आणलं' म्हटलं नाही, उलट एकदा म्हणाली, "तूरडाळ आना की, ताई, मसूर समृद्धीला आवडत न्हाई." मी तिला दोन शब्द सुनावले आणि पुढच्या खेपेला तूरडाळ नेली.

वैशाख निम्मा सरला आणि भागूची पाळी लागली. दोनच दिवस आधी दहावीचा निकाल लागला होता. समृद्धी चांगली पास झाली होती, पण भागूने पेढे वाटले नाहीत. म्हणाली, आधी खाचर होऊ द्या.

आम्ही पोचलो तेव्हा तिच्या उतारावर माणसांची जत्राच भरली होती. ज्यांच्या रानात आम्ही राबलो ते प्रत्येक घर तिचं देणं लागत होतं आणि त्या प्रत्येकाने आपली माणसं काढली होती. ज्यांचं देणं नव्हतं तीही आली होती, कारण असा जमाव वाडीत कोणी पाहिला नव्हता. सावळारामने ढोल आणला होता. चिमाजी उताराच्या टोकाला गेले, पंचा नीट बांधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भागूबाई, आज पडकई तुमची. सांगा काय करायचं."

आयुष्यभर अड्ड्यावर लोकांनी जिच्याकडे बोट दाखवलं, त्या बाईने आधी सगळा उतार नजरेखाली घातला. मग तिने पदर खोचला आणि हात वर केला. "कुशाबादादा, तुमी वरल्या अंगाला. बाया समद्या घमेल्यांवर. सावळारामा, तो ढोल ठेव आन् आधी ह्यो धोंडा हालव, मंग वाजव!" तिचा आवाज डोंगराला लागून परत आला. मला इतका आनंद झाला की मी उगाचच वृषालीवर ओरडले.

दिवसभर माती वरून खाली येत होती आणि ताल वर चढत होती. दगड बसला नाही तर भागू तो काढायला लावायची, मग तो कोणी का बसवलेला असेना. "फादर, ह्यो नगं. ह्येचं त्वांड भाईर आलंय. फिरवून बसवा." फादर निमूटपणे दगड फिरवत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काय फादर, मिटली का जगाची भूक?"

"जग बाकी आहे, मार्थाबाई," ते धापा टाकत म्हणाले. "तोवर हा दगड धरा."

ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटचा दगड बसला. एकाखाली एक अशी दोन खाचरं झाली होती. समृद्धीने वरच्या खाचराच्या मधोमध हंडाभर पाणी ओतलं. पाणी कुठे पळालं नाही, चारी बाजूंना सारखं पसरलं आणि मातीने हळूहळू पिऊन टाकलं. चिमाजींनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "झ्याक! येक नंबर!" ढोल वाजला, बायांनी भागूला मधे घेऊन फेर धरला, वृषालीही नाचली, अगस्टीनकाकाही नाचले. भागू नाचता नाचता रडत होती आणि ते पुसायचेही कष्ट घेत नव्हती. समृद्धी घोडेगावला जाणार, हे ती भेटेल त्याला सांगत सुटली होती.

माझी कंबर मोडली होती. मनात म्हटलं, चला, झालं काम. आपण शब्द दिला होता, पुरा केला, आता देवाची आणि भागूची रजा घ्यावी आणि महिनाभर नुसतं झोपावं.

तेवढ्यात चिमाजी नव्या बांधावर चढले. "मंगळवारी साळुबाईची पडकई. पावसाच्या आत उरकाया पायजे. कोन किती मानसं लावतंय?"

घरोघरची माणसं आकडे सांगायला लागली. दोन. तीन. एक. भागू आपल्या खाचरात पाय रोवून उभी होती. तिने आमच्याकडे वळूनही बघितलं नाही, विचारणं तर लांबच राहिलं.

"माझ्या घरची बारा!" ती ओरडली.

फादरांनी माझ्याकडे बघितलं, मी वृषालीकडे. मंगळवार म्हणजे कामाचा वार. वृषालीची बँक, फादरांची शाळेतली मीटिंग आणि माझे सकाळ-संध्याकाळचे डबे. भागूने आम्हाला न विचारण्यात वाडीतल्या कोणालाच वावगं वाटलं नाही, चिमाजी पुढच्या घराकडे वळलेही. घरच्या माणसांना कोण विचारतं?

मंगळवारी मी खानावळीला कुलूप लावलं आणि आम्ही बाराही जण उंबरवाडीला गेलो.